जुना फोन, दुसऱ्या कंपनीचं सिम

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वाशीम जिल्ह्यात जऊळका स्टेशन लागतं. २००८ साली या मार्गाचं ब्रॉडगेज झालं. त्याआधी तो मीटरगेज होता. रूळ बदलले तेव्हा जुनं इंजिन कितीही धडधाकट असलं तरी नव्या रुळांवर चालणार नव्हतं, आणि ड्रायव्हर बदलूनही त्यात काही फरक पडला नसता. मोबाईलच्या बाबतीत आपण नेमकं हेच विसरतो.

जऊळक्यासारख्या गावात फोन एका हाती राहत नाही. मुलगा पुण्याला कामाला असतो, तो नवा फोन घेतो आणि जुना आईला किंवा आजोबांना देतो. आईचं सिम वेगळ्या कंपनीचं. ते या फोनमध्ये घातलं की कधी सगळं सुरळीत चालतं, कधी पडद्यावर ‘सिम चालणार नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते, तर कधी रेंजच्या जागी नुसती फुली दिसते. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, गॅसच्या नोंदणीलाही तोच नंबर असतो. त्यामुळे फोन चालला नाही तर कामं अडतात.

मुळात सिम म्हणजे काय? तो एक छोटा संगणक आहे. १९९१ साली म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीनं फिनलंडच्या रेडिओलिंया या दूरध्वनी कंपनीसाठी पहिली व्यावसायिक सिमकार्डं तयार केली. सिममध्ये ग्राहकाचा एक १५ अंकी क्रमांक असतो. आपण लोकांना देतो तो मोबाईल नंबर वेगळा. या क्रमांकाचे पहिले तीन आकडे देशाचे असतात, भारतासाठी ४०४ किंवा ४०५; त्यापुढचे आकडे कंपनी आणि तिचं क्षेत्र सांगतात. शिवाय सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. फोन सुरू केला की कंपनीचं जाळं त्याला एक सहज निवडलेली संख्या पाठवतं. सिम आपल्या किल्लीनं गणित करून उत्तर देतं. कंपनीकडे त्याच किल्लीची नक्कल असते, दोन्ही उत्तरं जुळली की तुम्हाला प्रवेश मिळतो. किल्ली सिमच्या बाहेर कधीच येत नाही. थोडक्यात, ओळख सिममध्ये आहे आणि फोन हे फक्त रेडिओचं यंत्र आहे. म्हणून कोणतंही सिम कोणत्याही फोनमध्ये चालावं, अशीच मूळ योजना होती.

आपल्याकडे या योजनेला पहिला मोठा अपवाद आला तो रिलायन्स इन्फोकॉमचा. डिसेंबर २००२ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन घरी न्या, अशी योजना आली. खेड्यापाड्यांत कित्येकांच्या हाती पहिला मोबाईल आला तो असा. पण ते तंत्र सीडीएमए होतं आणि त्या फोनमध्ये सिमच नव्हतं. नंबर थेट फोनच्या पोटात भरलेला असे. कंपनी बदलायची तर फोन सोडायचा. टाटा इंडिकॉमचे फोनही याच तंत्राचे. या फोनमध्ये एअरटेल किंवा बीएसएनएलचं सिम घालायचं म्हटलं तर खाचच नाही! रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईलवर बोलण्याची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये बंद झाली आणि देशातली सीडीएमएची जाळीही उठली. कपाटात असा फोन असेल तर त्यावर दुरुस्तीचा खर्च करू नये.

त्याच काळातला नोकिया ११०० मात्र आजही बोलतो. २००३ साली आलेला हा फोन ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर टूजी तंत्रानं चालतो आणि एअरटेल, व्ही व बीएसएनएलची टूजी सेवा अजून आहे. जिओचं सिम त्यात चालणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओनं टूजी आणि थ्रीजी ठेवलंच नाही. तिथे आवाजही इंटरनेटच्या रूपात, व्होएलटीई नावाच्या पद्धतीनं जातो. म्हणून काही जुन्या फोरजी फोनवर जिओचं इंटरनेट चालतं, पण साधा कॉल लागत नाही. लोक सिमला दोष देतात. दोष कुणाचाच नाही, गेज वेगळं आहे एवढंच.

दुसरा प्रकार खऱ्या कुलपाचा. कंपनी फोन स्वस्तात देते आणि बदल्यात तो आपल्याच सिमवर चालेल अशी व्यवस्था करते. फोन सुरू होताना सिमवरचे सुरुवातीचे आकडे वाचतो, आपल्या यादीशी ताडून पाहतो आणि जुळले नाहीत तर कोड मागतो. म्हणजे कुलूप फोनमध्ये असतं. सिम बदलून घेतल्यानं ते उघडत नाही. २०१७ साली १५०० रुपये अनामत घेऊन दिलेला जिओफोन असा होता. २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला जिओभारतही जिओच्याच सिमवर चालतो. हा सौदा वाईट म्हणता येणार नाही, कारण त्या पैशांत तसा फोन मिळणं कठीण. पण जुना विकत घेताना हे माहीत हवं.

अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेल्या फोनची गोष्टही अशीच. तिथे महिन्याच्या हप्त्यांवर फोन देतात आणि हप्ते फिटेपर्यंत तो त्या कंपनीशी बांधलेला असतो. पैसे फिटले की मूळ ग्राहकानं विनंती केल्यावर कुलूप निघतं. तेव्हा भाच्याला सांगावं, विमानात बसण्याआधी हे काम उरकून ये.

इथे तीन कुलपांची हमखास गल्लत होते. सिमचा पिन तीनदा चुकला की आठ आकडी पीयूके लागतो. तो सिमच्या कंपनीकडे मिळतो आणि दहा वेळा चुकला तर सिम कायमचं जातं. फोनचा पासवर्ड ही वेगळी गोष्ट, तो मालकानं ठेवलेला असतो. कंपनीचं कुलूप हे तिसरं. पडद्यावर नेमकं काय मागितलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं. अंदाजानं आकडे दाबत बसू नये, कारण कंपनीच्या कुलपालाही ठरावीक प्रयत्नांचीच मुभा असते.

बाजारात ‘अनलॉक करून देतो’ म्हणणारे भेटतात. नुसतं कुलूप काढणं वेगळं, आणि फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक बदलणं वेगळं. दुसरा प्रकार गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. हा क्रमांक पाहायला स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश हे दाबावं. जुना फोन घेताना इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून हा क्रमांक १४४२२ वर पाठवला तर फोनची माहिती येते आणि तो चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तेही कळतं. आणि पैसे देण्याआधी आपलं स्वतःचं सिम घालून एक फोन लावून पाहावा. नुसती रेंज दिसली म्हणून समाधान मानू नये.

फोन चांगला आहे, पण सिम त्याला मानवत नाही, असं ठरलं तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर १९०० वर पाठवला की एक कोड येतो, तो आधारसह नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा. पण जुलै २०२४ पासून एक नियम झाला आहे. हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमच्या जागी नुकतंच नवं घेतलं असेल, तर पुढचे सात दिवस हा कोड मिळत नाही.