वेबसाइटलाही हवी नियमांची वही!

मैत्रिणींनो, मसाले, पापड, साड्या विकणाऱ्या कितीतरी जणींची आज स्वतःची वेबसाइट असते. पण एका पानावर ‘मागणी नोंदवा’ हे बटण हिरवं, तर दुसऱ्यावर निळं आणि त्यावर ‘खरेदी करा’! गिऱ्हाईक गोंधळतं आणि आल्या पावली परत जातं.

यावर उपाय म्हणजे ‘डिझाइन सिस्टिम’. रंग, अक्षरं, बटणं, रकाने एकदाच ठरवायचे आणि सगळीकडे तेच वापरायचे. ब्रिटिश सरकारने २०१८ साली आपल्या सेवांसाठी अशी सिस्टिम खुली केली. तिच्यात जन्मतारखेला दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने आहेत. कॅलेंडर उलटत साठ वर्षं मागे जायला नको!

तुमची वही एका पानाचीही चालेल. तिच्यात लिहा :

१. रंग दोन-तीनच. अक्षरं आणि मागचा रंग यांचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ : १ हवा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. म्हणजे सासूबाईंनाही वाचता येईल.

२. एका कामाच्या बटणाला एकच नाव, एकच रंग.

३. वेबसाइट करणाऱ्याला सांगा, प्रत्येक रंग नाव देऊन एकाच जागी नोंदवा. मग एकदा बदलला की सगळ्या पानांवर बदलतो.

मात्र वही कपाटात ठेवून भागत नाही, बरं का! ती सांभाळायची जबाबदारी एकीवर सोपवा. काय बदललं, का बदललं, तारखेसह लिहा आणि जुनी पानंही तपासा. नाहीतर वहीत एक आणि वेबसाइटवर भलतंच!