वीस बोंडं

बोंड हिरवंगार, टणक, लिंबाएवढं. कुठे छिद्र नाही, डाग नाही. कृषी विज्ञान केंद्राच्या विषय विशेषज्ञांनी ते शेतमालकाच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "काका, तुम्हीच फोडा जी."

काकांनी अंगठ्यांनी दाबून बोंड उकललं. एका पाकळीतली सरकी पोखरलेली, बाजूचा ओला कापूस पिवळा पडलेला, आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी अळी. काका काही वेळ नुसते बघत राहिले.

हिंगणा तालुक्यातलं शेत, ऑक्टोबरची सकाळ. पऱ्हाटी कमरेपर्यंत आलेली. दवानं आमचे कपडे मांडीपर्यंत भिजले होते. धुऱ्यावर उभं राहून शेत बघणं केंद्राच्या या लोकांना मान्य नाही. कडेच्या ओळी सोडून नागमोडी चालायचं, वीस झाडं निवडायची, प्रत्येकाचं एकच हिरवं बोंड तोडायचं. चांगली-वाईट अशी निवड नाही, हाताला येईल ते. सगळी बोंडं दुपट्ट्यात गोळा झाली आणि निंबाखाली पोत्यावर ओतली गेली. एकेक फोडायचं. अळी दिसली तर नोंद, अळी निघून गेलेली पण सरकी खाल्लेली दिसली तरी नोंद. वीसमध्ये दोन, म्हणजे दहा टक्के, ही आर्थिक नुकसानीची पातळी. तिथे पोचलं तर फवारणी, त्याखाली असेल तर थांबायचं.

बोंड फोडायचंच का, हे मला तिथे नीट कळलं. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की ती आत शिरली की तिचं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. फुलात शिरली तर निदान खूण राहते: पाकळ्या रेशमानं बांधल्या जातात, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखी डोमकळी होते. बोंडात मात्र वेचणीपर्यंत बाहेरून सहसा काहीच दिसत नाही, आणि मग हाती कवडी येते. 2017 साली विदर्भातल्या असंख्य शेतांत हेच झालं. बीटी बियाणं आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या शेतकऱ्याला बोंड फुटेपर्यंत पत्ता नव्हता.

काकांच्या वीसमध्ये तीन निघाली. शेतातल्या कामगंध सापळ्यांतही सलग तीन रात्री प्रत्येकी आठाहून जास्त नर पतंग आले होते. फवारणी ठरली.

खरी परीक्षा शेजारी, एका तरुण शेतकऱ्याच्या शेतातल्या केंद्राच्या प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर झाली. एक एकर, त्याला लागूनच त्याच शेतकऱ्याचा नेहमीच्या पद्धतीचा तुकडा. प्रात्यक्षिकाच्या एकरात वीसमध्ये एकच बोंड किडकं. तो तरुण अस्वस्थ झाला. "साहेब, बाजूच्याचा फवारा ठरला. मी काहून थांबू?"

"आज पाच टक्केच आहे भाऊ. मंगळवारी मी परत येतो, पुन्हा वीस फोडू."

हे वाक्य बोलायला किती धैर्य लागतं, हे शेतीबाहेरच्या माणसाला कळणार नाही. फवारा मारायला सांगणं सोपं. पीक गेलं तरी उपाय केला असं म्हणता येतं. थांबायला सांगणाऱ्यावर सगळं खापर फुटतं. आणि नको असलेल्या फवारणीची किंमत केवळ औषधाच्या बिलात मोजून भागत नाही. त्याच 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

नागपुरात 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि हे कृषी विज्ञान केंद्र तिचंच. संस्थेच्या प्रक्षेत्रावर जे सिद्ध होतं, ते हिंगण्याच्या कोरडवाहू जमिनीत, मजूर वेळेवर न मिळणाऱ्या घरात टिकतं का, हे या एकरावर ठरतं. म्हणून शेजारचा तुकडा हवाच. त्याच्याशिवाय प्रात्यक्षिक म्हणजे नुसतं सांगणं. मी पूर्वी एका गावात असंही प्रात्यक्षिक पाहिलं आहे, जिथे फलक लागला, फोटो निघाले, चहा झाला आणि शेतात कुणी उतरलंच नाही. त्या गावानं नंतर कुणाचंही ऐकणं सोडलं, आणि मला त्यात गावाची चूक वाटत नाही.

निंबाखाली वेचणीच्या बायाही बसल्या होत्या. उरलेली बोंडं त्यांनीच भराभर फोडली. किडकं बोंड त्यांच्या बोटांना आमच्याआधी कळत होतं. शेतात भरलेल्या या शेतीशाळेच्या हजेरीत त्यांची नावं नव्हती. ती घ्यायला हवीत.

निघताना साहेबांनी फरदडीचं बजावलं. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, पाण्याच्या आशेनं पुढे ठेवू नका. अळी उरलेल्या बोंडांत, सरकीत सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच निघते. काका म्हणाले, "पाहू जी." ते पटलं नव्हतं, एवढं दिसत होतं.

मंगळवारी मी पुन्हा गेलो. तरुणाच्या प्लॉटवर वीसमध्ये एकच बोंड किडकं निघालं. त्यानं पंप काढला नव्हता. कापूस लावणाऱ्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे: पंप भरण्याआधी शेतात शिरा आणि वीस बोंडं स्वतःच्या हातानं फोडा.