एचडीचे पैसे भरता, पण एचडी दिसते का?

मिरकरवाड्यापासून राजिवड्यापर्यंत आता घरोघरी भिंतीवर मोठा टीव्ही आहे. कुणाच्या मुलाने कुवेतहून सुट्टीवर येताना आणलेला, कुणी रत्नागिरीतच हप्त्यावर घेतलेला. पण टीव्हीच्या मागे हात घातला की पुष्कळ घरांत लाल, पांढरी, पिवळी अशी तीन टोकांची जुनीच वायर हाताला लागते. ही वायर असेल, तर एचडीसाठी दरमहा जाणारे जादा पैसे फुकट चालले आहेत.

कारण सोपे आहे. एचडी चित्र १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ठिपक्यांचे असते. साधे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम चार लाखांचे. हा पाचपट तपशील त्या पिवळ्या टोकातून येऊच शकत नाही. त्याला एचडीएमआय वायर लागते. ती लावल्यावर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८० केलेले आहे ना, तेही पाहावे. बॉक्स बसवणारा घाईत असतो, अनेकदा ५७६ तसेच राहते. शिवाय एकाच वाहिनीचे साधे आणि एचडी असे दोन क्रमांक असतात आणि दोन वेगळ्या किमती. दोन्हींचे पैसे भरून सवयीने जुनाच क्रमांक लावणारी घरे कमी नाहीत.

घरात टीव्ही असावा की नसावा, हा वाद आम्ही इथे काढत नाही. पण उमऱ्याला जाण्याची ताकद न उरलेली दादी रमजानमध्ये मक्केतील तरावीह पडद्यावर पाहते (तिथले घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणून रात्री उशिरापर्यंत जागते), तेव्हा तिला काबा धूसर का दिसावा? चष्म्याचा नंबर वाढला असे समजून डॉक्टरांकडे नेण्याआधी एकदा टीव्हीची वायर पाहावी.

टीव्हीचे स्वतःचे सेटिंगही चित्र बिघडवते. दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून पुष्कळ टीव्हींवर ‘विविड’ किंवा ‘डायनॅमिक’ लावलेले असते. घरात त्याने चेहरे लालभडक होतात. ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ ठेवा. शार्पनेस वाढवला की चित्र स्पष्ट होते हा गैरसमज आहे. कडांना नुसती पांढरी रेघ येते. तो कमीच बरा. आणि ३२ इंची टीव्ही पंधरा फुटांवरून पाहणार असाल, तर चांगल्या नजरेलाही एचडीचा फरक फारसा कळणार नाही. अशा घराने साधा पॅक घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता डिश. चित्र धूसर दिसले की लोक छपरावर चढून डिश हलवतात, हे व्यर्थ आहे. जुन्या अँटेनाला मुंग्या यायच्या, तशा डिजिटल चित्राला येत नाहीत. सिग्नल पुरेसा असला तर चित्र पूर्ण येते. कमी पडला की चौकोन-चौकोन होऊन थांबते. म्हणजे धूसर चित्राचे कारण वायरीत, सेटिंगमध्ये नाहीतर वाहिनीत शोधावे आणि तुटणाऱ्या चित्राचे डिशकडे.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उपग्रहाच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या, जोरदार सरीत त्या पाण्यातच जिरतात. यावर इलाज नाही, सर ओसरली की चित्र परत येते. पण डिश मुळातच किंचित फिरलेली असेल, तर साध्या रिमझिमीतही चित्र जाते. म्हणून कोरड्या दिवशी बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलची ‘क्वालिटी’ किती आहे ते पाहून लिहून ठेवावे. पुढे आकडा घसरला की लगेच कळते.

आपल्याकडून सगळ्या प्रमुख कंपन्यांचे उपग्रह पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या बाजूला आहेत. त्या बाजूचा माड चार वर्षांत वाढून आड आला, तर दोष कंपनीचा नाही. खारा वारा मात्र कुणालाच सोडत नाही. डिशला वायर जिथे जोडलेली असते ते टोक गंजते, पाणी आत शिरते. मृगाच्या आधी ते टोक बदलून त्यावर जलरोधक टेप गुंडाळून घ्यावी. हे काम मेकॅनिककडूनच करवून घ्यावे. शेवाळलेल्या कौलांवर मुलांना चढवू नये आणि विजा चमकू लागल्या की बॉक्सची पिन व डिशची वायर दोन्ही काढून ठेवावीत.