संथ खेळाचा हिशेब: व्हर्जिनिया, २०१८ आणि २०१९

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षक टोनी बेनेटच्या व्हर्जिनियाचे आकडे मला सर्वांत आवडतात. २०१७-१८ मध्ये त्यांनी सामन्यामागे सरासरी फक्त ५४ गुण दिले, देशात सर्वांत कमी. पण ते खेळायचेच इतकं संथ, की दोन्ही संघांच्या वाट्याला चढाया कमी यायच्या. म्हणून खरा निकष दर १०० चढायांमागचे गुण. त्यातही बचाव अव्वलच होता.

तरीही मार्च २०१८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत (एनसीएए) सोळाव्या मानांकित यूएमबीसीने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं. मध्यंतराला २१-२१ बरोबरी, मग उत्तरार्धात ५३ गुण खाल्ले! व्हर्जिनियाचा दुखापतग्रस्त खेळाडू डिआंद्रे हंटर बाहेर होता, हेही महत्त्वाचं.

पुढच्या मोसमात वेग तसाच संथ, आक्रमण मात्र केनपॉम या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या यादीत थेट दुसरं. त्याच राष्ट्रीय स्पर्धेच्या २०१९ च्या अंतिम सामन्यात हंटरचे २७ गुण, टेक्सास टेकवर ८५-७७ असा विजय, तोही जादा वेळेत.