वारा सर्वांवर सारखा वाहत नाही

हवामानावर बोलण्याचा अधिकार खरे म्हणजे एखाद्या प्राध्यापकाचा. मी सातवीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण झाले ते यंत्रमागाच्या खडखडाटात आणि युनियनच्या कचेरीतल्या दोन कपाटे पुस्तकांत. तरीही या व्यासपीठासाठी मी हा विषय निवडला. कारण तो माझ्याकडे शास्त्र म्हणून आला नाही. एका कामगाराची अडचण म्हणून आला.

माझा पुतण्या स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहरात, घरोघरी जाऊन वृद्ध व आजारी माणसांची शुश्रूषा करतो. 23 जानेवारी 2025 रोजी, आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, त्याचा फोन आला. "काका, उद्या लाल इशारा आहे. सगळ्यांच्या मोबाइलवर सरकारी भोंगा वाजला. घराबाहेर पडू नका म्हणतात. आणि आमचा साहेब म्हणतो, पाळ्या नेहमीसारख्या करायच्या. काय करू?" दुसऱ्या दिवशी आमच्याच तालुक्यातली एक मुलगी, जी इंग्लंडच्या पूर्वेला नॉरिच येथे परिचारिका आहे, तिने गावी कळवले की इकडे साधाच वारा आहे, काळजी करू नका. देश एक, वादळ एक, दिवस एक. आणि एकाच्या दारात संकट, दुसरीच्या दारात झुळूक. असे का होते, आणि परमुलखात राहणाऱ्या आपल्या माणसाने त्यातून काय शिकावे, हे जमेल तसे मांडतो.

आपल्याला वादळ म्हटले की अरबी समुद्रातले चक्रीवादळ आठवते. 3 जून 2020 रोजी श्रीवर्धनच्या बाजूला धडकलेले 'निसर्ग' अनेकांनी अनुभवले आहे. अशा वादळाचे इंधन म्हणजे तापलेला समुद्र. पाण्याची वाफ वर जाते, थंड होऊन तिचे ढग होतात, त्या वेळी सुटलेली उष्णता वादळाला जोर देते. म्हणून ते जमिनीवर आले की इंधन तुटून लवकर मंदावते. ब्रिटन-आयर्लंडकडे येणारे वादळ निराळ्या जातीचे असते. उत्तरेकडची ध्रुवाची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा अटलांटिक महासागरावर एकमेकींना भिडतात. दोहोंच्या तापमानातला फरक हेच त्याचे इंधन. आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वेगवान वायुप्रवाह त्याला ओढून घेतो आणि वाढवतो. हिवाळ्यात हा फरक मोठा, म्हणून आपली वादळे पावसाळ्याच्या आगेमागे येतात, तर त्यांची प्रामुख्याने ऑक्टोबर ते मार्च या काळात. शिवाय ते वादळ जमिनीवर येताच विझत नाही. त्याचा पसारा हजार किलोमीटरांहूनही मोठा असू शकतो.

इथे आपल्या लोकांची एक चूक होते. पाऊस थांबला, आभाळ उघडले, म्हणजे वादळ संपले असे आपण धरून चालतो. तिकडे पुष्कळदा नैर्ऋत्येचा वारा पावसासह येतो, मग ढग फाटतात, आणि वारा वायव्येकडे फिरून पुन्हा जोराने सुटतो. पहिल्या झोताने सैल झालेले कौल दुसऱ्या झोताने सुटते. ऊन पडले म्हणून रस्त्यावर निघालेल्या माणसाच्या डोक्यावर ते येते.

दुसरी गोष्ट वेगाची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात छत्री उलटते. ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्यात परांचीचे पत्रे उडतात. 24 जानेवारीच्या त्या वादळाचे नाव होते 'एओविन'. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचे झोत ताशी 180 किलोमीटरच्या वर गेले आणि त्या देशाचा 1945 सालचा विक्रम मोडला. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात साडेसात लाखांहून अधिक घरे व दुकाने अंधारात गेली. स्कॉटलंडमधल्या सगळ्या रेल्वेगाड्या त्या दिवशी बंद ठेवल्या होत्या.

आता नॉरिचची मुलगी निर्धास्त का? एक तर वादळाचा मध्य उत्तरेकडून गेला. आणि दुसरे म्हणजे ब्रिटनची ठेवण. ओलावा आणि वारा घेऊन हवा पश्चिमेकडून येते. ती आधी आयर्लंडवर, स्कॉटलंडच्या आणि वेल्सच्या डोंगरांवर आदळते. स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगराळ भागात वर्षाला 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्व इंग्लंडच्या काही भागांत 600 च्या आसपास. हे आपल्याला नवे नाही. महाबळेश्वरला 5000 मिलिमीटरांच्या वर आणि त्याच जिल्ह्यातल्या माणदेशात 500 च्या आसपास, हा हिशेब सातारकर जन्मापासून जाणतात. सह्याद्री आपल्याकडे जे करतो, तेच काम तिकडचे डोंगर करतात. म्हणून परदेशी गेलेल्या माणसाने पहिली गोष्ट ही करावी की, "इंग्लंडची हवा कशी?" असे विचारू नये, "माझ्या गावाची, माझ्या किनाऱ्याची हवा कशी?" असे विचारावे. लंडनमधल्या मावसभावाचा सल्ला ग्लासगोत कामाचा नाही.

तिकडची इशाऱ्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. पिवळा, अंबर आणि लाल असे तीन रंग आहेत. रंग केवळ वाऱ्याच्या वेगावर ठरत नाही. संकट येण्याची शक्यता किती आणि आल्यास माणसांचे नुकसान किती, हे दोन्ही ताडून तो ठरतो. लाल म्हणजे जिवाला धोका. बाहेर पडूच नये.

या इशाऱ्यांचा इतिहास माणसांच्या प्राणांनी लिहिला आहे. ऑक्टोबर 1859 मध्ये 'रॉयल चार्टर' नावाचे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटले आणि सुमारे 450 माणसे बुडाली. तेव्हा ब्रिटिश हवामानखात्याचे प्रमुख होते रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विनला जगप्रवासाला नेणाऱ्या 'बीगल' जहाजाचे हेच कप्तान. त्यांनी तारायंत्राने किनाऱ्याकिनाऱ्यावरून हवेच्या बातम्या जमवल्या आणि 1861 मध्ये बंदरांवर वादळाचे इशारे लावण्यास सुरुवात केली. होड्या बंदरात अडकून पडतात म्हणून मासेमारी ताफ्यांच्या मालकांची कुरकुर झाली. फिट्झरॉय यांच्या मृत्यूनंतर इशारे काही काळ बंदही पडले, आणि लोकांच्या मागणीमुळे पुन्हा सुरू झाले. इशारा कुणाचा जीव वाचवतो आणि कुणाचा दिवस बुडवतो, हा झगडा इतका जुना आहे.

दोन वादळे शेजारी ठेवून पाहा. 15 आणि 16 ऑक्टोबर 1987 च्या रात्री दक्षिण इंग्लंडवर प्रचंड वादळ आले. झाडांवर अजून पाने होती. सुमारे दीड कोटी झाडे पडली. इंग्लंडमध्ये 18 माणसे गेली. 25 जानेवारी 1990 रोजी दुसरे आले. त्याचा पसारा अधिक होता, हे खरे. पण ते भर दिवसा आले, माणसे कामावर, शाळेत, रस्त्यावर असताना. त्यात 47 माणसे मेली. वाऱ्याला माणसाचे वैर नसते. माणूस त्या घटकेला कुठे उभा आहे, आणि त्याला तिथे कुणी उभे केले, यावर पुष्कळ काही ठरते.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. वादळाच्या आदल्या दिवशी मोबाइल आणि विजेरी भरून ठेवावी. अंगणातल्या खुर्च्या, कचऱ्याचे डबे आत घ्यावेत. घर गरम करणारा बंब गॅसवर चालत असला तरी त्याला बहुधा वीज लागते, म्हणून गोधड्या व कोरडे खाणे जवळ असावे. परंतु थंडी वाजते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये 105 या क्रमांकावर कळवावे. लाटा बघायला समुद्रकाठी जाऊ नये. हे शेवटचे सांगावे लागते, कारण आपली पोरे पावसाळ्यात वरळीला हेच करतात.

आता पुतण्याकडे येतो. त्या रात्री तिथला कायदा मला ठाऊक नव्हता. नंतर वाचला. ब्रिटनच्या 1996 च्या रोजगार हक्क कायद्यात अशी तरतूद आहे की, गंभीर आणि तात्काळ धोका आहे असे वाजवी कारणाने वाटून कामगार कामाच्या जागेपासून दूर राहिला, तर त्याबद्दल मालकाने त्याला त्रास देऊ नये. 2005 च्या नियमांनुसार उंचावरचे काम हवा धोक्याची असताना करवून घेता येत नाही. पण ज्याचा व्हिसा एकाच मालकाच्या नावाला बांधलेला आहे, त्याच्या तोंडून कायद्याचे कलम सहज बाहेर पडत नाही. नोकरी गेली तर देश सुटतो, ही भीती वाऱ्यापेक्षा मोठी असते.

शिवाय प्रश्न सरळ नव्हता. पलंगावरून उठता न येणारी आजीबाई आहे, तिला वेळेवर गोळ्या द्यायच्या आहेत. "आम्ही येत नाही" एवढे म्हणून युनियनचे काम संपत नाही. मला त्या रात्री एकच गोष्ट सांगता आली, जी तीस वर्षे सांगत आलो आहे: "एकट्याने विचारू नकोस. चौघे मिळून विचारा. आणि नुसता नकार घेऊन जाऊ नका, वेळापत्रक घेऊन जा."

त्यांनी तसे केले. लाल इशारा सकाळी 10 ते संध्याकाळी 5 असा होता. सहा जणांनी मिळून लिहून दिले की, दहाच्या आत सगळ्या घरी जाऊन येऊ, जेवण, पाणी, औषधे हाताशी ठेवू, मधल्या वेळी फोन करू, पाचनंतर पुन्हा निघू. ज्या दोघांना मधल्या वेळीही माणूस लागणारच होते, त्यांच्याकडे त्याच गल्लीत राहणाऱ्या सहकारी बाई पहाटेपासून थांबल्या. साहेबाने रात्री ते मान्य केले. कुणालाही इजा झाली नाही. त्या सात तासांचे पैसे मात्र थांबलेल्या बाईंखेरीज कुणालाही मिळाले नाहीत. धोक्यापासून दूर राहण्याचे संरक्षण कायदा देतो. त्या वेळेचे वेतन तो देईलच असे नाही. ते आधी करारात लिहून घ्यावे लागते. हा धडा अर्धा राहिला आहे आणि तो तसाच सांगणे मला योग्य वाटते.

कुणी म्हणेल, हे सगळे परदेशातले. मे 2021 मध्ये 'तौक्ते' वादळाचे इशारे आधी मिळाले होते. तरी मुंबई हायजवळ पी-305 हा बार्ज माणसांसह समुद्रात राहिला आणि बुडाला. त्यावरचे आणि एका टगबोटीवरचे मिळून सत्तरच्या वर कामगार प्राणांस मुकले. उपग्रहाने वेळेवर सांगितले. पण सांगितलेले ऐकून काम थांबवण्याचा अधिकार त्या माणसांच्या हाती नव्हता.

वाऱ्याची दिशा आपण बदलू शकत नाही. पण तो सुटण्याआधी, शांत हवेत, कोण कुठे असेल, काम कोणत्या वेळी थांबेल आणि त्या वेळेचे वेतन कोण देईल, हे ठरवून कागदावर घेणे आपल्या हाती आहे. तुमचा मुलगा, पुतणी, भाचा जिथे असेल तिथे पुढचा फोन आला की जेवलास का हे विचाराच. पण त्याबरोबर एवढेही विचारा की, लाल इशारा आला तर तुमच्याकडे काय ठरले आहे?