घरातले हात, शेजारचे दार

अमावास्येची पहाट. अंगणातील सडा अजून ओला असतो, रांगोळीची शेवटची रेघ ओढायची राहिलेली असते आणि मंदिरातील घंटेचा नाद गल्लीच्या टोकापर्यंत येऊन पोहोचतो. सांगली-कोल्हापूर परिसरातील जैन कुटुंबांची दिवाळी अशी सुरू होते. स्नान करून, स्वच्छ वस्त्रे नेसून लहानथोर सारे निर्वाण लाडू अर्पण करण्यासाठी मंदिराची वाट धरतात. भगवान महावीरांनी पावापुरी येथे देह ठेवला, त्या क्षणाचे ते स्मरण असते. परंपरेने हा काळ ख्रिस्तपूर्व ५२७ हा मानला जातो आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष उजाडते.

ज्ञानाचा सूर्य मावळला, म्हणून तेथे जमलेल्या राजांनी दीप उजळले, असे कल्पसूत्रात वर्णन आहे. आचार्य जिनसेनांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये, पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणातही निर्वाणाच्या दीपोत्सवाचा उल्लेख येतो. त्याच दिवशी गौतम गणधरांना केवलज्ञान प्राप्त झाले. एका बाजूला वियोग आणि दुसऱ्या बाजूला ज्ञानाचा उदय, असा हा दुहेरी दिवस आहे. त्यामुळेच जैन घरातील दिवाळीत आनंद असतो, पण त्याला संयमाची किनार असते. कित्येक श्वेतांबर कुटुंबांत या दिवसांत दोन उपवासांचे तप होते, उत्तराध्ययन सूत्राचे वाचन होते. घराघरांत कंदील लागतो, फराळ होतो, शेजारी ताटे जातात. मात्र यातील प्रत्येक गोष्ट करताना एक प्रश्न मनात जागा असतो : आपल्या या आनंदासाठी कोणा जीवाला त्रास तर होत नाही ना?

कामट्या, कागद आणि खळ

सण जवळ आला की माळ्यावरून बांबूच्या जुन्या कामट्या खाली येतात. आजोबा चाकूने त्या तासतात, नातवंडे दोऱ्याने सांधे बांधतात आणि पाहता पाहता षटकोनी सांगाडा उभा राहतो. त्यावर पतंगी कागद चढतो, खाली झिरमिळ्या लागतात. कागद चिकटवण्यासाठी बाजारातील सरस वापरण्यापेक्षा घरी शिजवलेली खळ बरी. सरस हा प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून होतो, हे मुलांना या निमित्ताने कळते. चार चमचे मैदा आणि वाटीभर पाणी मंद आचेवर ढवळत राहिले की दहा मिनिटांत खळ तयार होते. ती त्याच दिवशी संपवावी. उरवून ठेवली तर आंबते, तिच्यात जीवोत्पत्ती होते आणि मग अहिंसेचा हेतूच मागे पडतो.

पावसाळा नुकताच सरलेला असतो, त्यामुळे दिव्याभोवती बारीक किडे गोळा होतात. म्हणून दक्ष घरांत पणतीवर काचेची चिमणी ठेवली जाते, तेल बेताचे घातले जाते आणि अंगणातील दिवे रात्रभर तेवत ठेवले जात नाहीत. कंदिलात कमी उष्णता देणारा छोटा दिवा लावून वरून कागद नीट बंद केला, तर प्रकाशही मिळतो आणि किड्यांची होळीही टळते. फटाक्यांविषयी तर वेगळे सांगायला नको. निष्कारण होणाऱ्या हिंसेला शास्त्रात अनर्थदंड म्हटले आहे आणि फटाक्यांइतके त्याचे सोपे उदाहरण मुलांना दुसरे सापडणार नाही. नुसते ‘नको’ म्हटले की मूल हिरमुसते. त्याच्या हाती कामट्या आणि कात्री दिली, की त्याला आवाजाची आठवणही होत नाही.

फराळ : मर्यादेत राहून चव

फराळाच्या बाबतीत जैन स्वयंपाकघराची शिस्त बाहेरच्या पाहुण्याला कठीण वाटते, घरातल्यांना मात्र ती अंगवळणी पडलेली असते. पाणी गाळून घ्यायचे, पीठ चाळून घ्यायचे, चिवड्यात लसूण घालायचा नाही, कांदा-बटाट्याला हात लावायचा नाही आणि सूर्य मावळण्यापूर्वी कढई चुलीवरून उतरवायची. मिठाईवरील चांदीचा वर्खही टाळला जातो, कारण तो पारंपरिक पद्धतीने कुटताना जनावरांच्या आतड्यांचा वापर होत आला आहे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस अशी रूढ आहे. पावसाळा सरता सरता येणाऱ्या दिवाळीत ही मर्यादा विशेष जपावी लागते. म्हणून महिनाभर आधी पिठांचे डबे भरून ठेवण्याची सोय येथे नाही. दळण ताजे, कामही ताजे.

या शिस्तीत एक पदार्थ अनेकींना अडवून ठेवतो, तो म्हणजे नानकटाई. पूर्वी घरोघरच्या बायका पीठ मळून, पत्र्यावर गोळे मांडून ते गावातील बेकरीच्या भट्टीत भाजून आणत. परंतु ज्या भट्टीत अंड्याचे पदार्थही भाजले जातात, तेथे आपला पत्रा द्यायला जैन गृहिणीचे मन धजत नाही. त्यावर उपाय घरातच आहे.

पाव किलो चाळलेल्या पिठाला दीडशे ग्रॅम साजूक तूप आणि सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर हे प्रमाण घ्यावे. पिठात दोनशे ग्रॅम मैदा आणि पन्नास ग्रॅम डाळीचे पीठ असावे. मैदा किती जुना आहे याची खात्री नसेल, तर ताजी दळलेली वस्त्रगाळ कणीक वापरावी. रंग थोडा सावळा येतो, खुसखुशीतपणा मात्र कायम राहतो. तूप आणि साखर हाताने पांढरे व हलके होईपर्यंत फेसावे, हे काम पंधरा मिनिटे तरी चालले पाहिजे. मग वेलचीपूड, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि पीठ घालून हलक्या हाताने गोळा करावा. येथे मळत बसू नये, मळले की नानकटाई दगडासारखी होते. जाड बुडाच्या पातेल्यात तळाशी मिठाचा जाडसर थर पसरून, त्यावर तिकटणे ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे. तूप लावलेल्या ताटलीत छोटे गोळे अंतर सोडून मांडावेत आणि ती ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. बाहेर काढताना नानकटाई मऊ लागते, तेव्हा ती कच्ची राहिली असे समजून पुन्हा आत ढकलू नये. निवली की ती आपोआप खुसखुशीत होते. तळाचे मीठ पुढच्या घाण्यालाही चालते.

या पदार्थाचा आणखी एक गुण आहे. चकली आणि कडक बुंदीचा लाडू ज्यांच्या दातांना पेलत नाही, अशा शेजारच्या आजी-आजोबांना नानकटाई दुधात बुडवून खाता येते. कोणाच्या ताटात काय वाढायचे याचा विचार जेथे होतो, तेथे फराळाला सेवेचे रूप येते.

ताट रिकामे परत जात नाही

महाराष्ट्रातील गल्लीबोळांत एक अलिखित नियम आहे. शेजारून आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नाही. निदान चिमूटभर साखर तरी त्यात ठेवायची. या देवाणघेवाणीत जैन कुटुंबापुढे कधी नाजूक प्रसंग येतो. शेजारच्या काकूंनी प्रेमाने पाठवलेल्या चिवड्यात लसूण असतो, नाताळला आलेल्या केकमध्ये अंडे असू शकते. अशा वेळी नियम सोडायचा की माणूस दुखवायचा, असा पेच उभा राहतो. अनुभवी गृहिणी दोन्ही टाळतात. ताट दोन्ही हातांनी घेतात, आभार मानतात आणि ओळख जुनी असेल तर हसत सांगूनही टाकतात, “काकू, आमच्याकडे लसूण चालत नाही हो, पुढच्या वेळी बिनलसणाचा थोडा बाजूला काढा.” मोकळेपणाने सांगितलेला नियम शेजाऱ्याला अपमान वाटत नाही. उलट पुढच्या वर्षी बिनलसणाचा चिवडा वेगळ्या वाटीत येतो आणि त्या वाटीत आदर असतो.

याहून कठीण दार असते ते दुःखाच्या घराचे. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेला असतो, तेथे पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. कंदील लागत नाही. लहान मुले मात्र त्याही घरात असतात आणि गल्लीतील तळणाचा वास त्यांच्यापर्यंत पोहोचतोच. अशा घरी फराळ पोहोचवणे हे नातलगांचे आणि शेजाऱ्यांचे काम मानले गेले आहे. तेथे जाताना सजवलेले ताट, रेशमी रुमाल, मोठमोठ्याने दिलेल्या शुभेच्छा यांतले काहीच नको असते. साधा डबा न्यावा, घटकाभर बसावे, गेलेल्या माणसाची आठवण निघाली तर विषय न बदलता ऐकावे. निघताना एवढेच म्हणावे, “वहिनी, डबा राहू द्या, मी सवडीने नेईन.” भरून परत देण्याचे ओझे ज्या घराला आज झेपणार नाही, त्या घरावरून ते उतरवणे हाही दानाचाच भाग आहे. आणि डबा नेण्याच्या निमित्ताने पंधरा दिवसांनी पुन्हा त्या घरी जाणे होते. खरी गरज बहुधा त्या दुसऱ्या भेटीचीच असते.

चार दाने, एक सण

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. घरच्या दिवाळीत चारही सहज सामावतात. फराळाचा डबा हे आहारदान. एकट्या राहणाऱ्या आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात नेणे, त्याच्या गोळ्या वेळेवर आणून देणे हे औषधदान. कार्तिक शुद्ध पंचमीला श्वेतांबर समाज ज्ञानपंचमी पाळतो, त्या दिवशी गरजू मुलाला वह्या-पुस्तके देणे हे शास्त्रदान. आणि फटाके न उडवल्यामुळे झाडावरील पाखरांना, गोठ्यातील वासराला, पाळण्यातील बाळाला मिळालेली निवांत रात्र हे अभयदान. रुग्णाची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हे तर अंतरंग तपांत गणले गेले आहे. शास्त्रात ते मुख्यतः मुनिसंघाच्या संदर्भात येते, परंतु त्यातील भाव गृहस्थालाही परका नाही.

हा भाव एका घरातून किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या मातीत जन्मले. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. या मुलांच्या जेवणात खंड पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. सणासुदीला आईची आठवण काढणाऱ्या परक्या मुलांना त्यांनी आपल्या घरचे मानले. परंपरेत वाढलेल्या एका जैन गृहिणीने आपल्या स्वयंपाकघराचा उंबरठा एवढा रुंद केला, ही गोष्ट दिवाळीच्या ताटाकडे पाहताना आठवावी अशी आहे.

प्रत्येक घराला तेवढे जमणार नाही. पण यंदा फराळाचे डबे भरताना एक डबा जास्त काढता येईल. कोणाकडे न्यायचा, हे मुलांना ठरवू द्यावे. गल्लीत कोणाच्या दारात कंदील नाही, कोणाच्या घरी या वर्षी कोणी आलेले नाही, हे मुलांच्या डोळ्यांना मोठ्यांआधी दिसते. त्यांनीच बांधलेला एक छोटा कंदील त्या डब्यासोबत द्यावा. आणि ते घर दुःखात असेल, तर कंदील पुढच्या वर्षासाठी आपल्याच माळ्यावर जपून ठेवावा. डबा मात्र सूर्य मावळण्यापूर्वी पोहोचलेला असावा.