भीष्मराज बाम आणि रेंजवरची माणसे

भीष्मराज पुरुषोत्तम बाम हे भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी. महाराष्ट्राचे क्रीडाजगत मात्र त्यांना ओळखते ते ‘बाम सर’ म्हणून. १२ मे २०१७ रोजी नाशिकमध्ये व्याख्यान देत असतानाच ते कोसळले आणि त्यांचे निधन झाले. राहुल द्रविडसारखा क्रिकेटपटू आणि कविता राऊतसारखी धावपटू त्यांच्याकडे मार्गदर्शनासाठी येत, त्यामुळे क्रीडा मानसशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्वदूर झाले. पण या कामाची मुळे नेमबाजीत होती. ते स्वतः नेमबाजी करत, नेमबाजांना शिकवत आणि खेळाच्या संघटनेची जबाबदारीही अंगावर घेत.

नेमबाजीतून मनाच्या अभ्यासाकडे वळणे स्वाभाविकच म्हणावे लागेल, कारण या खेळात शरीराने करायचे काम म्हणजे स्थिर राहणे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, तर छऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल उभ्याने पेलायची आणि सव्वा तासात साठ नेम साधायचे. श्वासाने नळी वर-खाली होते, नाडीच्या ठोक्यानेही हलते. चाप ओढण्याच्या क्षणी मनात ‘आता चुकायला नको’ एवढा विचार आला, तरी बोट किंचित घट्ट होते आणि गुण जातो. त्यातही वाईट गोष्ट अशी, की गेलेला नेम मनात घोळत राहिला तर पुढचाही जातो. समोर प्रतिस्पर्धी धावत नसतो, चेंडू येत नसतो. खेळाडूला आपल्या विचारांपासून दूर नेणारे काहीच घडत नाही.

या अडचणीवर बाम यांनी उत्तर शोधले ते पतंजलींच्या योगसूत्रांत. मनाच्या वृत्ती आवरण्यासाठी योगसूत्रे अभ्यास आणि वैराग्य ही जोडी सांगतात. नेमबाजाच्या भाषेत अभ्यास म्हणजे तीच उभे राहण्याची ढब, तोच श्वास, तीच चाप ओढण्याची कृती हजारो वेळा करत राहणे. आणि वैराग्य म्हणजे झालेल्या नेमाचा हर्ष किंवा खेद तिथेच सोडून देणे. श्वासावर लक्ष, शरीर सैल सोडणे, चांगला नेम आधी मनात पाहणे, अशा साध्या सरावांतून बाम हे तत्त्व खेळाडूच्या रोजच्या दिनक्रमात आणत. परदेशी क्रीडा मानसशास्त्राचा अभ्यास त्यांनी टाळला नाही, पण तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीलाही समजेल अशा मराठीत ते बोलत, आणि हेच त्यांचे मोठेपण. ‘मार्ग यशाचा’ हे मराठी आणि ‘विनिंग हॅबिट्स’ हे इंग्रजी पुस्तक त्यांनी लिहिले. नेमबाजांबरोबरच परीक्षेला बसणारे विद्यार्थीही ती वाचतात.

त्यांच्या कामाची दुसरी बाजू कमी बोलली जाते. नाशिकच्या एक्सएल टार्गेट शूटर्स असोसिएशनशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. अशी संस्था चालवणे म्हणजे काय, हे रेंजवर एक दिवस उभे राहिल्याशिवाय कळत नाही. रेंज ऑफिसरच्या आज्ञेशिवाय कोणी छरा भरायचा नाही. नेमबाजी थांबली की प्रत्येक शस्त्राच्या नळीत रंगीत सुरक्षा-दोरी दिसलीच पाहिजे. इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये येण्यापूर्वी एअर रायफलच्या मोठ्या स्पर्धेत प्रत्येक नेमाला वेगळे कागदी कार्ड लागे. ती कार्डे गोळा करायची, क्रमाने लावायची, शंका आली तर छिद्रात गेज घालून गुण ठरवायचा, हे सारे हाताने चाले. शिवाय शस्त्र परवान्यांचे कागद, छऱ्यांची तजवीज, स्पर्धेच्या प्रवेशिका, पालकांच्या शंका. यातले बरेचसे काम आजही आपली नोकरी-धंदा सांभाळून आलेली माणसे करतात. बक्षीस समारंभाच्या छायाचित्रात ती नसतात, पण त्यांच्याशिवाय एकही स्पर्धा वेळेवर सुरू होणार नाही.

नाशिकमध्ये हे काम पुढे नेणाऱ्यांत पिस्तूल प्रशिक्षक मोनाली गोऱ्हे यांचे नाव अग्रभागी होते. कोविडनंतरच्या गुंतागुंतीमुळे मे २०२१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्याआधी एप्रिलमध्ये कोविडनेच संजय चक्रवर्ती यांना नेले होते. द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेल्या या प्रशिक्षकाने अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे यांना घडवले. दोन महिन्यांत महाराष्ट्राच्या नेमबाजीने दोन शिक्षक गमावले, हे नुकसान पदकांच्या हिशेबात मांडता येत नाही.

मुंबईतली ही पिढी महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या वरळी रेंजवर वाढली. अंजली भागवत यांनी २००० मध्ये सिडनीत ऑलिंपिक नेमबाजीची अंतिम फेरी गाठली. तिथवर पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज. सुमा शिरूर यांनी पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला आणि पॅरालिंपिक सुवर्णविजेत्या अवनी लेखराला शिकवले. दीपाली देशपांडे यांचा शिष्य, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले. शिकलेल्याने शिकवायला उभे राहायचे, ही रीत इथे रुजली आहे.

देशातल्या नेमबाजी संघटनेची सुरुवात शोधत गेले की गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांच्यापाशी थांबावे लागते. त्यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद. लोकसभेचे हे पहिले अध्यक्ष १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचेही पहिले अध्यक्ष होते. गांधीजींच्या सहवासात घडलेल्या माणसाने रायफल संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे, याचे आज आश्चर्य वाटेल. पण नव्या देशातल्या सामान्य नागरिकाला शिस्तीने नेमबाजी शिकता यावी, असा त्या प्रयत्नाचा रोख होता. १९५६ मध्ये मावळंकर गेले, पण अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर नेमबाजी स्पर्धेमुळे त्यांचे नाव प्रत्येक नवोदित नेमबाजाच्या तोंडी आहे.

वरळीसारखी रेंज जवळ नसलेल्या मीरा-भाईंदरसारख्या शहरात या परंपरेचा उपयोग कसा होईल, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि आग्नेयेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, अशा दाटीत २५ किंवा ५० मीटरच्या उघड्या रेंजला जागा सापडणे कठीण. दहा मीटरची रेंज मात्र शाळेच्या सभागृहातही बसते. भक्कम भिंत, योग्य उजेड आणि नियम पाळून घेणारा माणूस एवढे असले की सुरुवात होते. ४.५ मिलिमीटरच्या, वीस ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पॉइंट टू टू रायफल घ्यायची तर परवान्यासाठी १ ऑक्टोबर २०२० पासून कार्यरत असलेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो. क्लबपासून राज्य स्पर्धा, तिथून मावळंकर स्पर्धा, आणि ठरलेले पात्रता गुण मिळाले की राष्ट्रीय स्पर्धा, असा हा चढता मार्ग आहे. भाईंदरहून लोकल पकडून वरळी गाठणाऱ्या मुलाला घराजवळच पहिली पायरी मिळायची असेल, तर सभागृहाची किल्ली, सुरक्षेची जबाबदारी आणि रविवारची सकाळ द्यायला तयार असलेली दोन-चार माणसे याच शहरातून पुढे यावी लागतील.